मेल्डच्या प्रयोगात फ्रीक्वेन्सी निम्म्याहून कमी का येतेय?

बारावी_बी_डिव्हिजन
प्रॅक्टिकलला मेल्ड होता, म्हणजे ट्यूनिंग फोर्कने ताणलेला दोरा कंपवून फोर्कची फ्रीक्वेन्सी काढायची, पॅरलल पोझिशन. फोर्कवर ६४ हर्ट्झ कोरलंय. दोरा २ मीटर, त्यात ४ लूप (कंपनाचे फुगवटे) एकदम क्लिअर, दोऱ्याचं वजन मीटरला ०.२५ ग्रॅम, दोऱ्याच्या टोकाला टांगलेला पॅन ५ ग्रॅमचा आणि त्यात २० ग्रॅम टाकलेले. टेन्शन ०.०२ गुणिले ९.८ धरलं, वेग आला २८ मीटर प्रति सेकंद, एक लूप अर्धा मीटर म्हणजे तरंगलांबी १ मीटर, म्हणून उत्तर २८ हर्ट्झ. ६४ कुठे आणि हे कुठे. जर्नल उद्या द्यायचंय, प्लीज कोणीतरी बघा.

लॅबवाला_काका
पॅन काय हवेत तरंगतोय का रे? दोरा त्यालाही ओढतोच की. २५ ग्रॅम धर, टेन्शन ०.२४५ न्यूटन, वेग ३१.३ आणि दोऱ्याची फ्रीक्वेन्सी पण ३१.३.

तंबोरा७
काकांचं बरोबर आहे पण ही झाली दोऱ्याची, फोर्कची नाही. पॅरललमध्ये प्राँग (फोर्कची दोरा बांधलेली भुजा) दोऱ्याच्याच दिशेत पुढेमागे हलतो. प्राँग आत आला की दोरा सैल पडून वर फुगतो, बाहेर गेला की ताणून सरळ होतो, परत आत आला की या वेळी खाली फुगतो. म्हणजे दोऱ्याचं एक कंपन होईपर्यंत फोर्कची दोन होऊन जातात, म्हणून दुप्पट कर, ६२.६. पर्पेंडिक्युलरला, म्हणजे प्राँग दोऱ्याला काटकोनात हलतो तेव्हा, दुप्पट करायचं नसतं, तिथे ह्याच वजनाला ८ लूप दिसतील. व्हायवाला हे हमखास विचारतात, सूत्र पाठ करून जाऊ नकोस.

बारावी_बी_डिव्हिजन
अरे वा, जमलं! पण मग वरचे १.४ कुठे गेले? आणि ५ लूप हवे असतील तर वजन अंदाजानेच टाकत बसायचं का?

लॅबवाला_काका
प्राँगपाशी दोरा स्वतःच हलत असतो, तिथे नोड (न हलणारा बिंदू) नीट बनत नाही, म्हणून टोकाचे लूप सोड आणि मधल्यांची लांबी मोजून सरासरी काढ. दोरा पण वीतभर तुकडा घेऊन तोलू नकोस, चांगला १० मीटर तोल.
वजनाचं म्हणशील तर लूपचा वर्ग गुणिले टेन्शन कायम राहतं. तुझं १६ गुणिले २५ म्हणजे ४००, ५ लूपला भागिले २५, एकूण १६ ग्रॅम, त्यातले ५ पॅनचे, म्हणजे वर फक्त ११ टाक. आणि पॅन झुलत असताना रीडिंग घेऊ नका रे, सगळी पोरं तेच करतात.