मदत हवी आहे: डिस्क गोल्फचा बॅकहँड शिकतोय, डिस्क दर वेळी डावीकडे कलंडते

नमस्कार मंडळी,

मी अमळनेर तालुक्यातला. दिवाळीत आतेभाऊ फिनलंडहून आला, येताना तीन डिस्क घेऊन आला: एक पटर (जवळच्या फेकीसाठी), एक मिडरेंज (मधल्या अंतरासाठी), एक ड्रायव्हर (लांबच्या फेकीसाठी). ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: चाल गोल्फचीच, पण चेंडूऐवजी चकती हाताने फेकायची आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. कमी फेकींत जो पोचला तो जिंकला. आम्ही गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सायकलची जुनी रिंग, साखळ्या आणि पाइप जोडून टोपली करून घेतली. कपाशी उपटल्यावर शेत मोकळं झालं तेव्हापासून रोज सकाळी तिथेच सराव करतो. शेजारच्या शेतातले काका पहिल्या दिवशी बांधावर उभे राहून विचारत होते, "हाई काय शे भाऊ?" आता तेही रोज बघायला थांबतात.

अडचण अशी. मी उजव्या हाताने बॅकहँड फेकतो, म्हणजे डिस्क छातीसमोरून आडवी ओढून सोडतो. डिस्क सुटताना बरी वाटते, मग नाक वर करून चढते, तीस-पस्तीस मीटरवर हवेत थबकल्यासारखी होते आणि डावीकडे कलंडून पडते. दहात सात वेळा हेच. उरलेल्यांत एखादी एकदम उजवीकडे, बांधावरच्या बाभळीत जाते. जोर वाढवला की डिस्क जास्तच लडबडते, अंतर मात्र तेवढंच राहतं. गेल्या आठवड्यापासून कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायलाही लागलंय.

जास्त करून ड्रायव्हरच वापरतो, कारण तो लांब जातो असं ऐकलं होतं. त्यावर १२, ५, -१, ३ असे आकडे आहेत. फेकण्याआधी चार-पाच पावलं पळत येतो. लहानपणापासून क्रिकेट खेळलोय, त्यामुळे हातात जोर आहे, पण तो डिस्कमध्ये उतरत नाही. पकड चुकते की पाय? मला हे मनापासून नीट शिकायचंय. आसपास शिकवणारं कुणी नाही.

प्रतिसाद

भाऊ, आधी तो ड्रायव्हर महिनाभर बाजूला ठेवा. त्या आकड्यांतला पहिला वेगाचा. १२ म्हणजे खूप वेगात फेकली तरच सरळ उडणारी डिस्क. शेवटचा ३ म्हणजे वेग उतरला की किती कलंडणार ते. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणून वेग संपताना ती डावीकडेच झुकते. तुमच्या हाताचा वेग अजून तेवढा नाही, म्हणून तिचं सरळ उडणं सुरू व्हायच्या आधीच कलंडणं सुरू होतं. पटर घ्या. पटर चूक लपवत नाही, लगेच दाखवतो.

चढून थबकते याचा अर्थ सुटताना डिस्कची पुढची कड वर असते. अंगठा वर सपाट ठेवा आणि मनगट किंचित खाली झुकवा, तांब्यातून पाणी ओतताना झुकतं तेवढंच. चारही बोटं कडेच्या आत वळलेली असू द्या, पण मूठ आवळू नका. आधीपासून आवळलेल्या मुठीत मनगट झटका देत नाही, आणि डिस्क उशिरा सुटली की थेट उजवीकडे जाते. तुमच्या बाभळीचं कारण बहुधा हेच.

आता क्रिकेटचं. उजवा बॅट्समन डावा खांदा पुढे करून उभा राहतो, वजन डाव्या पायावर टाकतो. इथे उजवा खांदा पुढे, म्हणजे डावखुऱ्या बॅट्समनसारखं उभं राहायचं आणि वजन उजव्या पायावर येऊ द्यायचं. क्रिकेट खेळलेला माणूस इथे नेमका अडखळतो, वजन मागेच राहतं, अंग मागे झुकतं आणि डिस्क वर जाते. पळणं बंद करा. जागेवर उभं राहून फेका.

शिवाय हात अंगाभोवती गोल फिरत असणार. दोन बांबूंना छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि डिस्क त्या सुतळीला समांतर, छातीजवळून सरळ ओढायचा सराव करा. मागे नेताना पाठ टोपलीकडे वळली पाहिजे, ओढताना कोपर डिस्कच्या पुढे. सुरुवातीला मागे नेऊच नका. डिस्क उजव्या छातीपाशी धरा आणि तिथूनच कोपर उघडून सोडा. बोटांतून ती निसटून जाते ती जाणीव पकडायची, अंतर मोजायचं नाही.

प्रतिसाद

मी धुळ्यात शाळेत पीटी शिकवते. कोपर दुखतंय तोवर फेकणं थांबवा, आठवडाभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. दुसरं, काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. फेकल्यावर पुढचा पाय टाचेवर वळला पाहिजे. भेगेत अडकला तर गुडघा पिळवटतो. खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानात सराव करा, आणि पहाटे, वारा नसताना. समोरून वारा असला की डिस्क उजवीकडे वळते, पाठीमागून असला की लवकर डावीकडे पडते. मग आपली चूक कुठली आणि वाऱ्याची कुठली ते कळत नाही.

तुमच्याकडे ज्वारीच्या माळ्यावर गोफण फिरवणारं कुणी असेल तर त्यांचा हात बघा.

धागाकर्ता

दादा, ताई, मनापासून आभार. आठ दिवस डिस्क हातात घेतली नाही, कोपर आता दुखत नाही. मग खळ्यावर दहा दिवस फक्त पटर, जागेवर उभं राहून.

ताईंनी गोफणीचं लिहिलं म्हणून काकांना विनंती केली. त्यांनी दगड घातला, दोन वेढे दिले आणि सोडला. मी फक्त हात बघत होतो. वेढे चालू असताना मूठ सैल होती, दंड ताणलेला नव्हता. सोडायच्या क्षणी तेवढा पुढचा पाय रोवला गेला आणि मनगट झटकलं. मी तर डिस्क मागे नेतानाच सगळा जोर खर्च करत होतो.

दुसऱ्या दिवशी मूठ सैल ठेवून, निम्म्या जोराने फेकलं. पटर चाळीस मीटर गेला, खाली, सरळ, अगदी शेवटी थोडा डावीकडे. त्याच दिवशी तसे सहा-सात थ्रो पडले. सुतळीचा सराव मात्र अजून जमत नाही, ओढताना डिस्क सुतळीपासून वीतभर लांब जाते. मोबाइल टोपलीच्या रेषेत मागे ठेवून व्हिडिओ काढलाय. त्यात दिसतंय की मागे नेताना माझे खांदे वळतच नाहीत, नुसता हात जातो. खांदे वळवताना टोपलीवरची नजर सोडायची की ठेवायची?

प्रतिसाद

सोडायची, भाऊ. मान धरून ठेवली तर खांदे वळणारच नाहीत. ओढायला लागलात की नजर आपोआप परत येते. सुतळीचं आधी डिस्क न घेता करा, नुसत्या हाताने.