तातडीने मदत हवी: लेव्हल २ असूनही सही करू देत नाहीत

धातुवेडा:
तीन वर्षं धातूचे भाग न तोडता त्यांतले क्रॅक तपासायचंच काम करतोय. तपासून निकालावर सही करता येते ते लेव्हल २ प्रमाणपत्र आहे, मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत. काल ऑडिटरांनी कागद बघितला आणि 'हे इथे ग्राह्य नाही' म्हणून बाजूला ठेवला. तेव्हापासून माझी सही बंद, माल पडून आहे. पूर्ण कोर्स पुन्हा करावा लागेल का? सगळ्यात लवकर कुठला होतो?

चुंबक:
पद्धत कुठली?

धातुवेडा:
इलेक्ट्रोमॅग्नेटिक. लिहायचं राहिलं.

रेषाखूण:
अहो, एमटी (चुंबक आणि पावडरने भेग शोधणं) आणि ईटी (एडी करंट, म्हणजे धातूत फिरणाऱ्या विजेने शोधणं) दोन्ही त्यातच येतात. नेमकं काय ते सांगा.

चुंबक:
घाई असेल तर एमटी करून टाका. एसएनटी-टीसी-१ए (तपासनीसांच्या प्रशिक्षण-प्रमाणपत्राची अमेरिकी शिफारस) प्रमाणे प्रशिक्षणाचे लेव्हल १ चे १२ तास आणि २ चे ८. ईटीला ४० अधिक ४० लागतात. एमटीत दिसतं ते डोळ्यांसमोर असतं. एसी योक (दोन पायांचा विद्युतचुंबक) ४.५ किलो उचलतो का बघायचं, पावडर टाकायची, मग योक ९० अंशांत फिरवून पुन्हा. हे फिरवणं मात्र टाळू नका. पायांच्या रेषेला समांतर असलेली भेग एका दिशेत दिसतच नाही. वेल्डवर मी हे स्वतः अनुभवलंय.

रेषाखूण:
तास मोजून पद्धत ठरवतात का? भाग कुठल्या धातूचा, ते आधी विचारा.

धातुवेडा:
अ‍ॅल्युमिनियमची चाकं. ईटी करतो, पेन्सिल प्रोबने (पेनासारखा बारीक, पृष्ठभागावर फिरवायचा).

रेषाखूण:
बघा. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला धरत नाही, एमटी बादच.

ध्वनिलहर:
मी तर म्हणेन यूटी (अल्ट्रासाउंडने तपासणी) शिका. आतलेही दोष सापडतात, मागणीही चांगली आहे.

चुंबक:
त्यांनी यूटीचं विचारलंय कुठे?

निळादिवा:
डोळ्यांची तपासणी झाली आहे का? जवळच्या नजरेची दरवर्षी लागते. आमच्याकडे एकाची तेवढ्यावरच अडली होती.

धातुवेडा:
डोळे मार्चमध्ये तपासलेत. तो प्रश्न नाही.

जुनीसही:
प्रमाणपत्रावर सही कोणाची आहे?

धातुवेडा:
आधीच्या कंपनीच्या लेव्हल ३ ची (सगळ्यात वरच्या पातळीचा तपासनीस). इथे येऊन दोनच महिने झालेत.

जुनीसही:
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. एसएनटी-टीसी-१ए मध्ये प्रमाणित करते ती कंपनी. नोकरी सुटली की ते प्रमाणपत्रही संपतं, वरची तारीख काहीही असो. ऑडिटर बरोबर आहेत. पण कोर्स पुन्हा लागेलच असं नाही. जुने प्रशिक्षणाचे तास आणि अनुभवाची नोंद लेखी असेल, तर नव्या कंपनीचा लेव्हल ३ ती तपासून धरू शकतो. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र नवी कंपनी देईल.

रेषाखूण:
म्हणूनच मी सगळ्यांना आयएसओ ९७१२ (तपासनीसांच्या प्रमाणपत्राचं आंतरराष्ट्रीय मानक) करा म्हणतो. ते स्वतंत्र संस्था देते, नोकरी बदलली म्हणून रद्द होत नाही.

जुनीसही:
त्यातही प्रत्यक्ष कामाची परवानगी कंपनीनेच द्यायची असते. धातुवेडा, चाकं विमानाची आहेत का?

धातुवेडा:
हो.

जुनीसही:
मग एनएएस ४१० किंवा ईएन ४१७९ ही विमान उद्योगाची तपासनीसांसाठीची मानकं बघा. तिथेही प्रमाणित करणारी कंपनीच. आयएसओचं कार्ड घेऊन गेलात तरी याच दारात यावं लागेल. तुमच्या कंपनीची लेखी कार्यपद्धती आजच मागून घ्या, तिच्यात काय लिहिलंय त्यावर सगळं ठरेल.

धातुवेडा:
जुन्या कंपनीला नोंदींसाठी आत्ताच मेल टाकला. प्रॅक्टिकलला काय बघतात?

जुनीसही:
०.२, ०.५ आणि १ मिमी खाचांचा ठोकळा देतील. आधी लिफ्ट-ऑफ (प्रोब पृष्ठभागापासून उचलल्याने येणारा संकेत) आडवी करा, म्हणजे प्रोब उचलला की पडद्यावरचा ठिपका सरळ बाजूला सरकला पाहिजे. मग ०.५ च्या खाचेवरून न्या, ठिपका वर उडी मारतो. ती उंची पडद्यावर ठरवून घ्या आणि पुढे गेन (संकेत किती मोठा करायचा ते) हलवू नका. बीड सीटच्या (चाकावर टायरची कड बसते त्या जागेच्या) वळणावर प्रोब तिरका होतो, तिथे हात सावकाश चालवा. माणसं तिथेच घाई करतात आणि भेग सुटते.

चुंबक:
वळणासाठी गाइड (प्रोब सरळ धरायचा आधार) वापरू देतात का परीक्षेत?

जुनीसही:
कार्यपद्धतीत लिहिलं असेल तर देतात.