कॅम्परसाठी जुनी व्हॅन : कमी पळालेली घेऊ की कमी गंजलेली?

मंडळी, मदत हवी आहे.

जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिचा स्वतःच्या हाताने कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी फिरायची गाडी, करायचा आहे. सुतारकाम आणि बारा व्होल्टचं वायरिंग जमतं. वेल्डिंग अजिबात येत नाही, आणि इंजिनातलं कळतं ते तेल बदलण्यापुरतं. माणसं दोन, त्यातला मी सहा फुटी. आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, ही माझी एकच अट.

शोधून शोधून दोन गाड्यांवर आलोय.

पहिली २००४ ची मर्सिडीज स्प्रिंटर, उंच छताची. जेमतेम दीड लाख किलोमीटर. खालून नुकताच काळा रंग मारून घेतलाय, बाहेरून चकाचक. चाकांच्या कमानींवर दोन-तीन फुगवटे आहेत, मालक म्हणतो "वरवरचं आहे".

दुसरी २००९ ची फियाट डुकाटो, २.३ लिटर इंजिन, मधल्या उंचीच्या छताची. पावणेतीन लाख पळालीय. कुरिअरच्या कामावर होती, त्यामुळे कडेला पोचे, सीट फाटलेली, सरकतं दार खडखडतं. पण सर्व्हिसची बिलं पहिल्यापासूनची आहेत, टायमिंग बेल्ट (इंजिनातला ठराविक किलोमीटरनंतर बदलायचा पट्टा) बदलल्याचंही आहे.

मन पहिलीकडे ओढतंय. इंजिन गेलं तर सगळंच गेलं ना?

---

पाना_पक्कड :

दुसरी घ्या.

इंजिन, टर्बो, क्लच, सगळं बदलता येतं, आणि ते करताना तुमचं फर्निचर जागचं हलत नाही. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग करायचं तर आतलं इन्सुलेशन, प्लाय, वायरिंग उचकटावं लागतं, नाहीतर ठिणगीने पेट घेईल. आणि वेल्डिंग येत नाही असं तुम्हीच लिहिलंय!

त्यात त्या पिढीच्या स्प्रिंटरला गंजाची खोड आहे हे जगजाहीर आहे. इंजिन दणकट, पत्रा रडका. रंगाखाली फुगवटा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा गंज आतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे "वरवरचं" हे काही पटत नाही. विकायच्या तोंडावर मारलेला काळा रंग तर मला सरळ संशयास्पद वाटतो.

तरी बघायला जाणारच असाल तर लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडांवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. मग खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका : सिल (दारांखालची लांब पट्टी), जॅक लावायच्या जागा, मागचे स्प्रिंगचे पाटे चॅसीला बसतात ती टोकं. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द. मालक ठोकू देत नसेल तर परत फिरा. आतली जमिनीवरची प्लाय उचलूनही बघा, पाणी तिच्याखालीच साठतं.

डुकाटोचं इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा, गरम इंजिनात सुरू होतानाचे दोष लपतात. बेल्टच्या बिलावर किलोमीटर किती लिहिलेत ते बघा, सोबत पाण्याचा पंप बदललाय का तेही. इंजिन चालू ठेवून क्लच दाबा-सोडा. खडखडाट बदलला तर फ्लायव्हील किंवा बेअरिंगचा खर्च धरून किंमत पाडा.

---

रानवारा :

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त उंचीचं बघा.

मधल्या छताच्या डुकाटोत आत सुमारे १९३ सेंमी मिळतात, पण ते नुसत्या पत्र्याचं माप. जमिनीला फोम आणि प्लाय मिळून ३, छताला ४ धरले तर उरले १८६. तुम्ही सहा फुटी म्हणजे १८३. बूट बाहेर काढायची सवय लावा :)

रुंदी जास्तीत जास्त १८७. या गाडीत लोक आडवा पलंग करतात खरा, पण दोन्ही भिंतींना इन्सुलेशन लावल्यावर तुमचे पाय दुमडणार. तुम्हाला पलंग गाडीच्या लांबीत उभाच करावा लागेल, म्हणजे स्वयंपाकाची जागा घटली. टेप घेऊन जा आणि खडूने आतच आखून बघा.

आणि वजन! १८ मिमी प्लायची एक ८ बाय ४ ची शीट ३५ किलोच्या आसपास भरते. कपाटांना ९ मिमी पुरते.

---

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार, डुकाटोच बघतो. एक विचारायचं राहिलं. तिथेच एक जुनी शीतगृह व्हॅनही उभी आहे. आयतं इन्सुलेशन मिळेल, कसं वाटतं?

---

पाना_पक्कड :

नको. भिंती जाड, गाडी जड, आणि आतल्या फोममध्ये पाणी मुरलंय का ते बाहेरून कळत नाही. खिडकी कापायला गेलात की कळेल.

---

धागाकर्ता :

बरं. शनिवारी सकाळी जातोय. इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असं मालकाला फोनवर सांगितलंय.

---

पाना_पक्कड :

अहो, ते सांगायचं नसतं! आता ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा.