काकू, व्हॉल्यूम म्हणजे ते व्हॉल्यूम नाही

बी-२०४ काकू: पार्लरचं कळणारं कोणी आहे का गं आपल्या बिल्डिंगमध्ये, अर्जंट आहे. दुपारी घरीच कलर केला आणि मुळाशी दोन बोटं केस नारिंगी झालेत, अगदी गाजर हलवा, आणि खाली टोकाला काळे ते काळेच. रविवारी पुतणीचं लग्न आहे

सी-३०१: फोटो टाका ना काकू

बी-२०४ काकू: फोटोबिटो नाही टाकणार, पुरुष माणसं आहेत इथे

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ टाकी साफ करायची असल्याने पाणी येणार नाही. सर्वांनी भरून ठेवावे.

बी-२०४ काकू: अहो पण मला डोकं धुवायचंय

ए-१०२ ताई: काकू मी ठाण्याला सलोनमध्ये ९ वर्षं कलरचंच काम केलंय. ट्यूबवरचा नंबर सांगा आणि सोबतच्या बाटलीवर काय लिहिलंय ते

बी-२०४ काकू: ट्यूबवर ७.३. बाटलीवर ४० व्हॉल्यूम. दुकानात २० ची पण होती, पण माझे केस किती विरळ झालेत तुला माहितीये, म्हटलं व्हॉल्यूम यायचाच तर भरपूर येऊ दे, पैसे तेवढेच होते

सी-३०१: 😂😂 सॉरी काकू

ए-१०२ ताई: अगं हसू नका, माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीसुद्धा आधी हेच समजायच्या. काकू ते व्हॉल्यूम केसांचं नाही. बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि त्यातून ऑक्सिजन किती निघतो त्याचं ते माप आहे. १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि तुम्ही आणलंत ते १२ टक्क्यांचं. पांढरे झाकायला २० पुरतं, ४० तर आम्ही टाळूला लागूच देत नाही. त्यात ट्यूबचे नंबर उलटे चालतात, १ काळा आणि १० एकदम फिका, म्हणजे ७.३ हा सोनेरी ब्लॉन्ड झाला. आपल्या काळ्या केसातला रंग उडवला की खालून लाल नारिंगीच निघतो, आणि डोक्याच्या उष्णतेने मुळाशी सगळं भराभर होतं म्हणून तिथेच भडकलं. टोकांना आधी काय लावायचात?

बी-२०४ काकू: मेंदी, पंधरा वर्षं झाली. आणि दिवाळीत मिस्टरांचा काळा डाय उरला होता तो पण लावला, वाया कशाला घालवा

ए-१०२ ताई: म्हणून टोकं ढिम्म. एकदा चढलेल्या रंगावर दुसरा रंग लावून तो फिका होत नाही. आणि तशा वाचलात तुम्ही, बाजारच्या काही मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होतात, वाफ निघते, तुटून हातात येतात. कंगव्यातले गळालेले चार केस आधी त्या मिश्रणात अर्धा तास बुडवून बघायचे असतात

डी-४०२ काका: म्हणून मी म्हणतो काळी मेंदी लावा. नैसर्गिक. मी २० वर्षं लावतोय काही झालं नाही, गेल्या गणपतीत कपाळ सुजून एक डोळा मिटला होता तेवढंच, पण ते मोदक जास्त झाले होते

डी-४०२ काकू: मला तर मधमाशी चावली म्हणाले होते

ए-१०२ ताई: काका मोदकाला बदनाम करू नका. मेंदीचा रंग लालच येतो, काळी काळी म्हणतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन टाकलेलं असतं, डायमध्ये असतं तेच. त्याची अ‍ॅलर्जी २० वर्षं लावून २१ व्या वर्षी पण उठते आणि पुढच्या वेळी आणखी जोरात येऊ शकते. आता परत लावू नका, पाकीट घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा. आणि कधी तोंड सुजून श्वास लागायला लागला तर वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल. काकू तुम्ही कानामागे थोडा लावून ४८ तास थांबला होतात का?

बी-२०४ काकू: ४८ तास कोण थांबतं गं, अर्धा तास थांबले होते. दुकानदार म्हणाला पार्लरवालेच नेतात बिनधास्त न्या

सी-५०५: पण ताई पार्लरमध्ये २५०० घेतात, ट्यूब मिळते ३०० ला. माणसाने करायचं काय

ए-१०२ ताई: घरी करू नका असं म्हणतच नाहीये मी. पण पाकिटातल्या किटमध्ये दोन्ही गोष्टी मोजून आलेल्या असतात, सलोनच्या ट्यूबमध्ये सगळं तुमच्यावर सोडलेलं असतं, कुठला नंबर, कितीचं डेव्हलपर म्हणजे ती पेरॉक्साइडची बाटली, एकास एक की एकास दीड, किती मिनिटं. काकू मापाला काय घेतलं होतं?

बी-२०४ काकू: वरणाची पळी

ए-१०२ ताई: बरं. टाळूची जळजळ होतेय?

बी-२०४ काकू: होतेय थोडी. खोबरेल चोळलं. आता मिस्टरांचा काळा वरून फिरवते आणि मोकळी होते

ए-१०२ ताई: नाही!! आज काहीही लावू नका. साध्या गार पाण्याने धुवा, खाजवू नका, फोड आले किंवा ओलसर व्हायला लागलं तर डॉक्टर. डोकं पूर्ण शांत झाल्यावर मीच येते, फक्त मुळाला थोडा गडद, राखाडी झाकेचा शेड कमी डेव्हलपरने लावू, राखाडीने नारिंगी मरतो. लग्नाला रूट टचअपची पावडर मिळते ती भांगात दाबा आणि अंबाडा घालून मोठा गजरा माळा

बी-२०४ काकू: जाईजुईचा की मोगऱ्याचा? बरं ते राहू दे, कलर बराच उरलाय, जॅमच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावून बाथरूममध्ये ठेवलाय, सुनेला चालेल ना?

ए-१०२ ताई: काकू ती बरणी कधी भरली?

बी-२०४ काकू: तीनला

ए-१०२ ताई: मिसळलेला कलर टिकत नाही, त्यातून ऑक्सिजन निघतच राहतो, बंद बरणीत फुगतो. तोंड लांब धरून वरून टॉवेल टाका आणि झाकण हळू सैल करा. आत्ता

ए-१०२ ताई: काकू?

बी-१०४: अहो वर काय पडलं? आमच्या बाथरूममध्ये केवढ्याने आवाज आला, बाळ उठलं

ए-१०२ ताई: काकू लागलं का तुम्हाला?? डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्याने धूत राहा, पंधरा मिनिटं

बी-२०४ काकू: मी स्वयंपाकघरातच होते गं, फोन धरून. झाकण गिझरवर आहे. पांढऱ्या टाइल्सवरून ७.३ कशाने निघतो?

सेक्रेटरी: पाणी आजच भरून ठेवावे ही नम्र विनंती.