निवारे बांधले, पण लोकांना तिथे नेतं कोण?

बांगलादेशात चक्रीवादळातले मृत्यू घटले ते सिमेंटच्या निवाऱ्यांमुळे, असं काही जण म्हणतात. निवाऱ्यांचा वाटा मोठा आहेच, पण सगळं श्रेय त्यांना देणं मला पटत नाही. १९७० च्या भोला वादळात किमान ३ लाख माणसं गेली. त्यानंतर सरकार आणि रेड क्रॉसने मिळून किनाऱ्यावरच्या गावागावांत स्वयंसेवक तयार केले. आज ते पाऊण लाखाच्या आसपास आहेत. धोका वाढेल तसे गावात एक, दोन, मग तीन झेंडे चढतात आणि हे लोक भोंगे घेऊन दारोदार फिरतात. सांगणारा गावातलाच, ओळखीचा असतो, हे फार मोलाचं.

तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. इशारा बहुतेकांपर्यंत पोचला होता! पण परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायचा संकोच, मागे घरात चोरी होण्याची भीती, आणि दावणीची गाय कुणाच्या भरवशावर सोडायची? गरिबाची सगळी पुंजी तीच. म्हणून पुढे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, स्वयंसेवकांत जवळपास निम्म्या स्त्रिया आल्या, आणि गुरांना नेण्यासाठी मातीचे उंच भराव घातले गेले. २००७ च्या सिडर वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. आपल्याकडे किनाऱ्यावर निवाऱ्यांची चर्चा होते तेव्हा गुरांचं काय, हे कुणीतरी विचारायलाच हवं.