तुमच्या घरात राहायला आलेलं पात्र कोणतं?

माडाखाली
मागच्या आठवड्यात चिपळूणला मामेबहिणीचं लग्न होतं. भटजी उभे, मुहूर्त जवळ आलेला आणि अंतरपाट सापडेना. मोठे मामा ओरडले, "अरे, त्या नारायणाला हाक मारा कुणीतरी!" मुलाचं नाव ओंकार, पण तो धावत आला आणि कुठल्या पिशवीत बघायचं तेही त्यालाच ठाऊक. बंगलोरच्या भाच्याने विचारलं, नारायण कोण? तर चार जण एकदम सांगायला लागले.

'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमी मिळालं १९६५ साली. इतक्या वर्षांनी, पुस्तक न वाचलेली माणसंही लग्नघरात नारायण शोधतात. पुलंच्या नारायणाने कुठला पराक्रम केलाय? साड्यांच्या दुकानात बायकांबरोबर जायचं, सगळ्यांच्या हाकांना ओ द्यायची, आणि वरात निघताना कुणाला त्याची आठवण नाही. असा एक जण प्रत्येक कुटुंबात असतो. आपण त्याला कसं वागवतो तेही आपल्याला माहीत असतं, म्हणून हसता हसता आत कुठेतरी टोचतं. मला वाटतं पात्र आपलंसं होतं ते इथेच. तुमच्याकडे कोण आहे? सविस्तर लिहा.

रानजाई
अंतरपाट शेवटी कुठे सापडला ते लिहा आधी 😄

माडाखाली
रुखवताच्या पिशवीत, लाडवांच्या डब्याखाली.

बडोदेकरीण
चिमणराव! त्याचे लेखक चिं. वि. जोशी आमच्या बडोद्यालाच पाली भाषेचे प्राध्यापक होते, त्यामुळे माहेरी त्यांच्याबद्दल फार अभिमान. दूरदर्शनवर मालिका लागली की शेजारपाजारचे सगळे आत्याच्या मुंबईच्या घरी जमायचे. वडील म्हणायचे, चिमणरावाचा गुंड्याभाऊ जवळ असला की माणूस कितीही भित्रा असू दे, निभतं. त्यांचे धाकटे काका अगदी तसेच होते, आडदांड आणि प्रेमळ. भाजी करपतेय, पुढचं नंतर लिहिते.

शिऱ्याचा_मित्र
चिमणराव करणारे दिलीप प्रभावळकर, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा तेच आणि 'झपाटलेला' सिनेमातला, बाहुल्यात शिरणारा गुंड तात्या विंचूही तेच! माझी मुलगी आबांच्या प्रेमात होती. नंतर सिनेमा बघितला आणि कळलं तेव्हा रडायलाच लागली, आबा असं कसं करतील म्हणून.

रानजाई
तात्या विंचूमुळे आमच्या घरातल्या सगळ्या बाहुल्या कपाटात कुलूपबंद होत्या. आई अजून सांगते.

कृष्णाकाठ
पात्र आवडलंच पाहिजे असं कुठाय? आमची आजी (कराडजवळचं गाव) निळू फुले पडद्यावर आले की बोटं मोडायची. "मुडदा बशिवला" इथून सुरुवात. पुढे मी सांगितलं की आजी, हा माणूस सेवादलातला, तरुणपणी पुण्यात माळीकाम करायचा, फार सज्जन. ती म्हणाली, "सज्जन आसंल, पर त्याच्या दारात लेक देऊ नगं."
'सामना' (१९७५) सिनेमा परत बघा. निळूभाऊंचा हिंदुराव आवाज चढवत नाही. रस्त्यावरच्या मास्तरला उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, मानानं बोलतो. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या पोराला हे बोलणं कानाला ओळखीचं असतं. आजीला खलनायकाचं हसणं दिसायचं, मला त्याचं अगत्य दिसतं आणि तेच जास्त भीतीदायक वाटतं.

भीमाकाठचा
पुणं-कोकण झालं असेल तर आमच्याकडे पण या. द. मा. मिरासदारांच्या विनोदी कथांमधली भोकरवाडी! नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर. आमच्या पारावर ही मंडळी रोज संध्याकाळी बसायची, नावं वेगळी एवढंच. बिनकामाच्या गोष्टीवर गंभीर चर्चा करणारी माणसं मला जगात सगळ्यात प्रिय. वडिलांना वाचून दाखवायचो, ते मधेच थांबवून सांगायचे की हा तर आपला अमुक. लेखक गावावर हसत नाही, गावाबरोबर हसतो, हे वडिलांना बरोबर कळायचं. शहरातल्या काही विनोदी मालिकांत खेडूत दाखवला की ते उठून जायचे.

अंबानगरी
एकाही बाईचं नाव नाही अजून? मी सांगते. 'वाडा चिरेबंदी'तली प्रभा. एलकुंचवारांचं नाटक, १९८५ चं. हुशार मुलगी, शिकायचं होतं, घराण्याच्या इभ्रतीपायी शिकू दिलं नाही. आमच्या मोठ्या आत्याचं अक्षरशः हेच झालं. तिला नागपूरला प्रयोगाला नेलं होतं. मध्यंतरात चहा पण घेतला नाही तिनं. घरी आल्यावर जेवायला वाढता वाढता म्हणाली, "त्या गंजक्या ट्रॅक्टरला अंगणात जागा आहे, पोरीला कॉलेजात नाही." त्या रात्री पहिल्यांदा तिच्या तोंडून कळलं की तिला शाळेत गणिताचं बक्षीस मिळालं होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बडोदेकरीण
अंबानगरी, काटा आला अंगावर. आत्या आहेत का आता? नमस्कार सांगा माझा.

अंबानगरी
आहेत ना, ताई. नातीच्या गणिताच्या शिकवण्या घेतात रोज.

फुरसुंगी_एक्सप्रेस
धागाकर्त्याशी थोडा असहमत. ओळखीचं असलं तरच जवळचं वाटतं असं नाही. मला फाफे, म्हणजे फास्टर फेणे, जवळचा वाटला कारण तो माझ्यासारखा अजिबात नव्हता. माझ्या एका पायाला लहानपणी पोलिओ झाला. सायकल मिळणार नाही हे घरात न बोलता ठरलेलं. हा बनेश फेणे फुरसुंगीचा, काडीपैलवान, अंगात ताकद फारशी नाही, पण सायकलवर टांग मारली की संपलं. भा. रा. भागवतांनी त्याला थेट नेफाच्या (आताच्या अरुणाचलच्या) आघाडीपर्यंत पोचवलं. मी गादीवर पडून त्याच्याबरोबर सगळीकडे जायचो आणि त्याच्यासारखं 'ट्टॉक' करायचो, आजी वैतागायची. त्याला भीती वाटते, तो फसतो, तरी पुढे जातो. सुपरहिरो असता तर मी त्याच्या मागे गेलो नसतो. काडीपैलवान होता म्हणून वाटायचं, याच्या मागच्या कॅरिअरवर मला जागा आहे.

माडाखाली
फुएदादा, पटलं. मी ओळखीवर फार भर दिला, ओढीचं लिहायचं राहिलंच होतं.

न्यूजर्सीकर_वहिनी
घाईत लिहितेय, मुलांना शाळेतून आणायचंय. आमच्या गाडीत पुलंचा अंतू बर्वा लागतो. मुलांना अर्धे शब्द कळत नाहीत, पण आजोबा (माझे सासरे, रत्नागिरीचे) कुणाबद्दल तिरकस बोलले की धाकटा म्हणतो, "आजोबा, अंतूशेट!" आणि सासरे खूश होतात. शिव्या घालणाऱ्या माणसाच्या पोटात माया असू शकते हे त्याला आजोबांमुळे कळलं की अंतूमुळे, कोण जाणे.

रानजाई
वहिनी, तुमच्याकडे गणपतीला उकडीचे मोदक कोण करतं? तांदळाची पिठी कुठली वापरता? माझ्या बहिणीला एडिसनला हवी आहे.

न्यूजर्सीकर_वहिनी
सासरेच करतात! पिठीचं नाव रात्री बघून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.