मुलं तुमच्याशी कधी बोलतात? अनुभव लिहा

शाळेतून आल्या आल्या "आज काय झालं?" विचारलं की आमच्याकडे "काही नाही" एवढंच मिळतं, आणि तोच मुलगा रात्री माझ्याबरोबर मटार सोलायला बसला की न विचारता सगळं सांगतो, कोण कोणाशी बोलत नाही, बाई कोणाला ओरडल्या, डबा कोणी खाल्ला. समोर बसवून विचारलं की मुलं मिटतात, शेजारी बसून हाताला काहीतरी काम असलं की खुलतात असं माझं पक्कं मत झालंय. आईबाबा, आजीआजोबा, मामा, आत्या, सगळ्यांनी लिहा, तुमच्या घरी हे कशात जमतं?

*

आमचं स्कूटरवर. लेक मागे बसते, तिचा चेहरा मला दिसत नाही आणि माझा तिला. पाळीबद्दलचे प्रश्न तिने पहिल्यांदा तिथेच विचारले, नळ स्टॉपच्या सिग्नलला! गाडी मुद्दाम बाजूला घेतली नाही, चालवता चालवताच उत्तरं दिली, कारण थांबून मागे वळले असते तर ती गप्प झाली असती. घरी आल्यावर पण तो विषय मी काढला नाही, पुढच्या वेळी तिनेच काढला.

*

आजोबा लिहितोय. नातवाला घेऊन रविवारी पर्वती. पायऱ्या 103, तो मोजत चढतो, मधेच काहीतरी आठवून बोलायला लागतो, आकडा चुकतो, मग उतरताना परत मोजणी. माझ्या गुडघ्यांमुळे सावकाश चढणं होतं ते त्याच्या पथ्यावरच पडतं.

*

काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी! पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे ना, तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं मुलांकडून अशीच टाकाऊतून खेळणी करून घेतली, त्यांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे, जरूर बघा. काड्यांचं गुल खरवडून टाकायचं, नळीचे छोटे तुकडे करायचे आणि त्यात काड्या खोचून आकार जोडत जायचं. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो, पण त्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात लांब काडी लावली की ताठ राहतो. हे मी सांगितलं नाही हां, मुलीला सापडलं, आणि मग समोरच्या बांधकामावरची क्रेन दाखवून म्हणाली, बाबा तिथे पण त्रिकोणच आहेत. उत्तर माहीत असून गप्प बसायला फार जोर लावावा लागतो, पण बसाच. आणि काड्या जोडता जोडता तिने वर्गात एक मुलगी चिडवते हेही सांगून टाकलं, जे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

*

मला मूल नाही, मी आत्या. दिवाळीत भाच्यांबरोबर किल्ला करते, सोसायटीच्या मागे, विटा, पोती, माती. माझं काम फक्त माती कालवायचं, बुरूज कुठे आणि गुहा कुठे ते पोरं ठरवतात. हळीव आधीच पेरायचे म्हणजे वेळेत हिरवं दिसतं. मावळे आणायला सगळ्यांनी मिळून कुंभारवाड्यात जायचं, तिथे प्रत्येकाला एक मावळा स्वतःच्या पसंतीचा. मोठा भाचा आता कॉलेजला जातो, तरी मातीत हात घालायला येतो आणि तेव्हाच काय ते मनातलं बोलतो.

*

दहावीतला मुलगा. रात्री उशिरा स्वतःची मॅगी करतो, मी तेव्हा ओटा आवरत असते. आवरून झालेला असला तरी.

*

हिंजवडीत रात्रपाळी, त्यामुळे शेजारी बसणंच होत नाही. मी घरी येईपर्यंत लेक शाळेत, ती येते तेव्हा मी झोपलेला. मग टेबलावर बुद्धिबळाचा पट कायम मांडून ठेवलाय, मी आल्यावर माझी चाल करतो, ती दुपारी तिची. पटाशेजारी एक वही पण आली आहे, त्यात "बाबा घोडा सांभाळ" पासून सहलीचे पैसे, मैत्रिणीशी झालेलं भांडण, सगळं असतं, आणि मी कितीही दमलेलो असलो तरी दोन ओळी उत्तर लिहिल्याशिवाय झोपत नाही. अशी शिफ्ट असलेले अजून कोणी आहेत का इथे, तुम्ही काय करता?